जहाजावरच्या रणगाड्याची बॅटरी कोण बघतं?

मा. संपादक,
सा. न. वि. वि.

आपल्या पेपरात सध्या समुद्रातल्या लष्करी हालचालींच्या बातम्या येतायत, कुठल्या देशाची किती जहाजं कुठल्या बेटाजवळ उभी आहेत, त्यात किती रणगाडे, किती ट्रक, किती दिवसांचा दारूगोळा, नकाशे बाण सगळं असतं आणि मी ते मन लावून वाचतो. पण त्यात एक गोष्ट मला कधीच सापडत नाही आणि मला तरी तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते, म्हणून हे पत्र. ते जे सामान जहाजात भरून ठेवलंय ते आज चालू अवस्थेत आहे का, शेवटचं कधी तपासलं, आणि तपासलं म्हणून सही कोणी केली?

मी लष्करात कधी नव्हतो. मालवाहू जहाजांवर मेंटेनन्सच्या कामात नोकरी झाली, त्यातही गाड्या वाहून नेणारी जहाजं जास्त, त्यामुळे बंद होल्डमध्ये, म्हणजे जहाजाच्या पोटातल्या माल ठेवायच्या जागेत, उभ्या केलेल्या गाडीचं काय होतं हे मला चांगलं माहितीये. आणि लष्करी गाडी असली म्हणून गंज काही तिला सॅल्यूट करून बाजूला होत नाही.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात सांगतो. अमेरिकेने १९८० मध्ये हिंदी महासागरात दिएगो गार्सिया बेटापाशी लष्करी सामानाने भरलेली सात जहाजं कायमची उभी करून ठेवायला सुरुवात केली. कल्पना सोपी आहे, सैनिक विमानाने काही तासांत पोचतात पण रणगाडा विमानात फार तर एखाददुसरा मावतो, म्हणून जड सामान आधीच त्या भागात समुद्रावर तरंगत ठेवायचं, वेळ आली की जहाज जवळच्या बंदराला लावायचं, सैनिक विमानाने उतरवायचे आणि दोघांची गाठ घालून द्यायची. १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत त्यांच्या मरीन दलासाठी अशी १३ जहाजं तीन ताफ्यांत विभागून तयार झाली, एकेका ताफ्यात साधारण १६ हजार माणसांच्या ब्रिगेडला तीस दिवस पुरेल एवढं सामान, म्हणजे रणगाड्यांपासून पाणी शुद्ध करायच्या यंत्रापर्यंत सगळं. पुढे त्यांच्या भूदलानेही तेच केलं, त्यासाठी प्रचंड मोठी रो-रो जहाजं बांधली, म्हणजे ज्यांत गाड्या रॅम्पवरून स्वतः चालत आत-बाहेर जातात अशी.

आणि हे चालतं हे सिद्ध पण झालं. २ ऑगस्ट १९९० ला इराकने कुवेतमध्ये सैन्य घुसवलं आणि १५ ऑगस्टला दिएगो गार्सियाची पहिली जहाजं सौदीच्या जुबैल बंदरात सामान उतरवत होती. दोन आठवड्यांच्या आत! रॅम्प खाली आला आणि गाड्या स्वतःच्या चाकांवर, स्वतःच्या इंजिनावर बाहेर पडायला लागल्या. पेपरवाल्यांनी तेव्हा जहाजांचा वेग आणि रणगाड्यांची संख्या लिहिली. मला मात्र वाटतं त्या दिवसाचं खरं श्रेय त्या माणसांना जायला हवं ज्यांनी त्याआधी वर्षानुवर्षं भर उकाड्यात त्या होल्डमध्ये वाकून बॅटऱ्या चार्ज केल्या, त्यांची नावं कुठेच आली नाहीत.

त्याच महिन्यात दुसरी गोष्ट झाली ती पण सांगतो. अंटारेस नावाचं एक वेगवान लष्करी मालवाहू जहाज अमेरिकेतून एका डिव्हिजनचं सामान घेऊन निघालं आणि अटलांटिकमध्ये मधेच बंद पडलं, ओढून स्पेनच्या रोटा बंदरात न्यावं लागलं आणि माल दुसऱ्या जहाजात भरावा लागला. सामान ठीक होतं, जहाज ठीक नव्हतं. म्हणजे इथे दोन-दोन गोष्टी सांभाळायच्या असतात, पोटातला माल आणि ते पोट.

आता होल्डमध्ये नक्की काय होतं ते जरा सविस्तर लिहितो, कारण याबद्दल मराठीत मी तरी कुठे वाचलेलं नाही.

पहिला शत्रू ओलावा. हवेतली आर्द्रता साठ टक्क्यांच्या वर गेली की लोखंड गंजायचा वेग एकदम वाढतो, म्हणून असं सामान ठेवलेल्या होल्डमध्ये डीह्युमिडिफायर लावून ती पन्नासच्या खाली ठेवायचा प्रयत्न असतो. पण पत्र्यावर समुद्राचं मीठ बसलेलं असेल तर हे गणितच बिघडतं कारण मीठ स्वतः हवेतलं पाणी ओढून घेतं, मीटर छान आकडा दाखवतो आणि चेसिसखाली गंज चालूच. म्हणून गाडी होल्डमध्ये चढवायच्या आधी गोड्या पाण्याने धुणं, तेही खालून, आणि पूर्ण वाळवणं हे काम कंटाळवाणं असलं तरी त्याला पर्याय नाही. त्यात पुन्हा घाई झालेली असते, बंदराचा खर्च चढत असतो, आणि ओली गाडी आत गेली की ती पुढची दोन-तीन वर्षं तशीच.

मग होल्डला घाम सुटतो. बाहेरची दमट गरम हवा आत घेतली आणि आतला पत्रा थंड असला की छतापासून पाणी ठिबकायला लागतं, खाली जे असेल त्याच्यावर. नवीन पोरांना वाटतं की हवा खेळती ठेवली की बरं, झाकणं उघडा, पंखे लावा. तसं नसतं हो. आधी आतला आणि बाहेरचा दवबिंदू मोजायचा, बाहेरचा जास्त असेल तर होल्ड बंदच ठेवायचा, कितीही कोंदट वाटलं तरी. हे रोज मोजून वहीत लिहायचं असतं आणि जिथे ही वही नीट भरलेली असते तिथला माल पण बहुतेक नीट असतो, असा माझा अनुभव आहे.

दुसरं म्हणजे थरथर. जहाज चालू असताना इंजिनाची बारीक थरथर चोवीस तास पत्र्यातून सगळीकडे जाते, नांगर टाकून उभं असलं तरी जनरेटर चालूच असतात. उभ्या गाडीच्या चाकाच्या बेअरिंगमधल्या गोळ्या एकाच जागी बसून ही थरथर खात राहतात, मधला ग्रीसचा थर निघून जातो आणि रिंगवर बारीक खड्डे पडतात. बाहेरून काहीच दिसत नाही. गाडी चालायला लागली की मग घरघर ऐकू येते. उपाय अगदी साधा आहे, अधूनमधून चाक थोडंसं फिरवून जागा बदलायची. पण चाक फिरवायला गाडी सोडवावी लागते, गाडी म्हणजे चार-सहा साखळ्यांनी डेकला आवळलेली असते, प्रत्येक साखळीला टर्नबकल, म्हणजे ताण कमी-जास्त करायचा स्क्रू, तो सैल करा, फिरवा, पुन्हा आवळा, पुन्हा ताण बघा. आणि बाजूच्या गाडीत नि हिच्यात अंतर किती तर माणूस आडवा होऊन जेमतेम सरकेल एवढं.

इथेच खरी मेख आहे. जागा महाग म्हणून गाड्या अगदी चिकटवून लावतात, त्यामुळे कडेच्या, रॅम्पजवळच्या, चालायच्या वाटेलगतच्या गाड्यांची देखभाल छान होते, आणि मधल्या रांगेतल्या, आतल्या कोपऱ्यातल्या गाडीपर्यंत हात पोचतच नाही. बॉनेट उघडायला वर जागा नसते. मेकॅनिक टॉर्च मारून लांबून बघतो आणि चेकलिस्टवर टिक करतो. मी त्याला दोष देत नाही, त्याला दिवसाला अमुक इतक्या गाड्या संपवायच्या असतात. पण वर बसलेल्या साहेबाला कागदावर दोन्ही टिक सारख्याच दिसतात, कडेच्या गाडीची पण आणि मधल्या गाडीची पण. साहेब पाहणीला येतो तेव्हा तोही कडेकडेनेच चालतो. म्हणून माझं म्हणणं असं की देखरेख करणाऱ्या माणसाने पाहणीला गेल्यावर स्वतः नंबर सांगावा, आतल्या रांगेतली ही गाडी दाखवा, आणि तिच्यापर्यंत पोचायला अर्धा दिवस लागला तरी थांबावं. तिथे रांगत जाऊन हायड्रॉलिकच्या नळीच्या जोडावर बोट फिरवून बघावं की चिकट लागतंय का. सील कोरडा पडून कडक झाला की सगळ्यात आधी तिथे तेल पाझरतं, आणि ते टॉर्चच्या उजेडात लांबून कधीच दिसत नाही, बोटालाच कळतं.

बाकीच्या कटकटी भरभर सांगतो. बॅटरी उष्णतेत आपोआप उतरते आणि उतरलेली ठेवली की कायमची मरते. डिझेलच्या टाकीत हवेतलं पाणी साचतं, डिझेल आणि पाणी जिथे भेटतात तिथे जिवाणू वाढतात, त्यांचा चिकट गाळ फिल्टरमध्ये बसतो. टाकी पूर्ण भरलेली असेल तर हे कमी होतं, पण आगीच्या दृष्टीने होल्डमध्ये इंधन जितकं कमी तितकं बरं, ही ओढाताण कायमची आहे. टायर एकाच जागी दबून राहतात, रबराला चिरा पडतात. अॅल्युमिनियमच्या बॉडीत लोखंडी बोल्ट असेल तर त्या दोघांच्या मधे खारट ओलावा गेला की अॅल्युमिनियम आधी खाल्लं जातं. इंजिन मधूनमधून चालू करायचं तर बंद होल्डमध्ये धूर साचतो, कार्बन मोनॉक्साइडने माणूस मरू शकतो, म्हणून पंखे, गॅस मीटर, आगीसाठी एक माणूस उभा. घरी वर्षभर पार्किंगमध्ये उभी ठेवलेली गाडी पहिल्या झटक्यात सुरू होत नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं, मग समुद्रावर तीन वर्षं उभ्या असलेल्या शेकडो गाड्यांबद्दल आपण 'सज्ज आहेत' असं बिनधास्त कसं छापतो?

हे सगळं जहाजावर होऊच शकत नाही हे अमेरिकनांनी मान्य केलेलं आहे, म्हणून मरीन दलाची जहाजं साधारण दर तीन वर्षांनी फ्लोरिडात जॅक्सनव्हिलजवळच्या ब्लाउंट आयलंडला आणतात, तिथे पूर्ण जहाज रिकामं करतात, एकेक गाडी तपासून दुरुस्त करतात, जुनी झालेली बदलतात आणि पुन्हा भरतात. भूदलाच्या जहाजांचं काम दक्षिण कॅरोलिनात चार्ल्सटनजवळ चालतं. माझ्या मते या पूर्ण योजनेतली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट हीच आहे. आणि खर्चात कपात करायची म्हटलं की धोका पण इथेच असतो, कारण नवीन जहाजाच्या जलावतरणाला फोटो निघतात, जुन्या ट्रकचा सील बदलला तर कोणी फोटो काढत नाही. पैसे वाचवायला त्यांनी २०१२ मध्ये भूमध्य समुद्राकडचा एक ताफा सरळ बंद केला. एका अर्थी मी म्हणेन ते प्रामाणिक होतं, परवडत नाही तर कमी ठेवा, पण जे ठेवाल ते नीट ठेवा. आकडा तोच ठेवून आतून देखभाल कमी करत जाणं हे जास्त वाईट.

आता दारूगोळ्याबद्दल, कारण तिथे हलगर्जीपणाची किंमत माणसांत मोजावी लागते. दारूगोळा लोखंडासारखा नुसता गंजत नाही, तो आतून बदलतो. तोफेची दारू उष्णतेत हळूहळू विघटित होत जाते, ती थोपवायला घातलेलं रसायन संपत जातं, आणि एक दिवस ती आपोआप पेटू शकते. फ्रान्सच्या नौदलाला हा धडा दोनदा मिळाला, १९०७ मध्ये तुलाँ बंदरात इएना ही युद्धनौका फुटली आणि १९११ मध्ये त्याच बंदरात लिबर्ते, दोन्हीकडे संशय एकाच जातीच्या खराब झालेल्या दारूवर. म्हणून कोठाराचं तापमान रोज लिहायचं, दारूचे नमुने ठराविक काळाने तपासायचे, लॉट नंबरप्रमाणे (लॉट म्हणजे एका वेळी बनवलेला साठा) जुनी आधी बाहेर काढायची हे नियम आहेत. या नियमांमागे माणसं मेलेली आहेत.

अमेरिकेच्या फॉरेस्टल या विमानवाहू नौकेचं तर जगजाहीर आहे. २९ जुलै १९६७, व्हिएतनामजवळ, डेकवर एका विमानाचं रॉकेट विजेच्या गडबडीने सुटलं आणि दुसऱ्या विमानाच्या इंधन टाकीवर आदळलं, आग लागली. त्या विमानांवर लावलेले काही बॉम्ब कोरियन युद्धाच्या काळातले होते, उष्ण दमट हवेत पडून राहिलेले, कवचं गंजलेली. ते जहाजावर आले तेव्हा ते हाताळणाऱ्या लोकांनी हरकत घेतली होती, पण दुसरे बॉम्ब उपलब्ध नव्हते आणि हल्ले चालू ठेवायचे होते. असा जुना बॉम्ब आगीत दीड मिनिटात फुटला, आग विझवायला पुढे धावलेली माणसंच त्यात गेली. एकूण १३४ मेले. मला यात सगळ्यात जास्त टोचतं ते हे की सांगणारे होते. ज्याच्या हातात माल येतो त्याने सांगितलं की हा माल बरोबर नाही, आणि त्याच्या सांगण्याला थांबवायची ताकद नव्हती.

आपल्याकडच्या वाचकांना १४ एप्रिल १९४४ वेगळं सांगायला नको. मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकीन जहाजाचा स्फोट झाला, अग्निशमन सेवा दिन आपण त्याच तारखेला पाळतो. त्या जहाजात सुमारे चौदाशे टन स्फोटकं होती आणि कराचीत त्याच्यावर कापसाच्या गाठी चढवल्या, तेलाचे ड्रम पण. दुपारी दोनच्या सुमारास धूर दिसला आणि चारनंतर स्फोट झाला, शेकडो माणसं गेली. स्फोटकांबरोबर कापूस ठेवू नये हे त्या काळात कोणाला कळत नव्हतं असं अजिबात नाही. युद्ध होतं, जहाजं कमी होती, जागा रिकामी दिसली, भरलं. रिकामी जागा दिसली की भरायची हा मोह शांततेच्या काळातही तसाच असतो, एवढं मी पाहिलंय.

आणि हे जुन्या काळातलं म्हणून सोडून द्यावं असंही नाही. १२ जुलै २०२० ला सॅन दिएगो बंदरात बॉनहोम रिचर्ड या अमेरिकन युद्धनौकेला आग लागली. दुरुस्तीला लावलेली नौका, युद्ध नाही काही नाही. आग लागली कुठे तर खालच्या गाड्या ठेवायच्या जागेत, जिथे काम चालू असताना पुठ्ठ्याचे खोके, वायरी, बॅटऱ्या, फोर्कलिफ्ट असलं काय काय आणून ठेवलेलं होतं. चार दिवसांहून जास्त जळत होती. नौदलाच्या स्वतःच्या चौकशीत निघालं की आग विझवायच्या ८७ टक्के ठिकाणांची उपकरणं देखभालीच्या नोंदीत 'बंद' म्हणून ठेवलेली होती, आणि फेस सोडायची यंत्रणा बटण दाबून चालू करता आली असती ते बटण वेळेत कोणी दाबलंच नाही. दुरुस्तीचा अंदाज तीन अब्ज डॉलरच्या वर गेला तेव्हा नौका भंगारात काढायचं ठरलं. ज्या खलाशावर आग लावल्याचा आरोप ठेवला तो २०२२ मध्ये निर्दोष सुटला. आग कशाने लागली हे बाजूला ठेवा, ती गाड्या ठेवायची जागा रोज फिरून 'हे खोके इथे का?' असं विचारायचं काम कोणाचं होतं, या प्रश्नाला जहाजावर एका नावाने उत्तर नव्हतं. जहाजाच्या माणसांना वाटत होतं यार्ड, म्हणजे दुरुस्ती करणारी गोदी, बघेल, यार्डच्या माणसांना वाटत होतं जहाज बघेल. ज्यांनी दुरुस्तीतल्या जहाजावर काम केलंय त्यांना हे अगदी ओळखीचं आहे.

हीच गत तरंगत्या साठ्याची होते, जास्तच होते. जहाज चालवणारे नागरी खलाशी, सामान सैन्याचं, देखभाल करणारे कंत्राटी मेकॅनिक, कंत्राटावर लक्ष ठेवणारा अधिकारी किनाऱ्यावरच्या ऑफिसात. चार मालक म्हणजे एकही मालक नाही. कंत्राटात काय लिहिलेलं असतं तर इतक्या गाड्या तपासणे, आणि पैसे त्या मोजणीवर मिळतात, गाडी चालू झाली का त्यावर नाही.

याचं नमुनेदार उदाहरण जमिनीवरच्या साठ्याचं आहे. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या महानिरीक्षकांनी मे २०२३ मध्ये अहवाल दिला की कुवेतमधल्या राखीव साठ्यातून युक्रेनला पाठवायला काढलेल्या सहा एम-७७७ तोफांपैकी एकही नेण्याच्या लायकीची नव्हती, आणि २९ हमवी (जीपसारख्या लष्करी) गाड्यांपैकी २५ नादुरुस्त. तोफांचं जुनं हायड्रॉलिक ऑइल पुन्हा वापरलेलं होतं, काहींचा ब्रीचचा भाग, म्हणजे मागचा जिथून गोळा भरतात तो, नीट बसलेला नव्हता, म्हणजे तोफ डागणारेच जखमी झाले असते. गाड्यांच्या बॅटऱ्या डाऊन, दिवे बंद. दुरुस्त करून पाठवल्या तरी पोलंडमध्ये एका गाडीचा सुकलेला टायर फाटला आणि स्टेपनी लावली तर ती पण गेली. हे कोरड्या वाळवंटातल्या शेडमध्ये, जिथे माणूस रोज चालत जाऊ शकतो. मग समुद्रावरच्या होल्डमध्ये आतल्या रांगेत काय असेल याचा विचार करा.

व्यापारी जहाजांच्या दुनियेत एक गोष्ट आम्ही फार पूर्वी शिकलो. मालकाने आपल्याच जहाजाला चांगलं म्हणायचं नाही. लॉइड्स रजिस्टर १७६० मध्ये सुरू झालं ते यासाठीच, की तिसऱ्या माणसाने येऊन जहाज बघावं आणि विमा देणाऱ्याला त्याची खरी अवस्था कळावी. आज कुठल्याही बंदरात परदेशी इन्स्पेक्टर चढतो आणि लाइफबोट सुटत नसेल तर जहाज अडकवून ठेवतो, कॅप्टन कितीही ओरडला तरी. त्या इन्स्पेक्टरचा आम्हाला राग यायचा, पण तो येणार म्हणून कितीतरी गोष्टी वेळेत व्हायच्या हे खरं आहे. युद्धनौकांना मात्र सोलास, म्हणजे समुद्रावरच्या सुरक्षेचा आंतरराष्ट्रीय करार, लागू नाही, आणि लष्करी सामानाला तर बाहेरचा डोळा क्वचितच लागतो. तपासणारा, दुरुस्त करणारा आणि सज्ज म्हणून वर कळवणारा बहुतेक वेळा एकाच साखळीतले असतात, ज्याची बढती त्या 'सज्ज' शब्दावर अवलंबून आहे त्यानेच तो शब्द लिहायचा.

माझ्या मते देखरेख म्हणजे तीन गोष्टी. एक, तपासणारा माणूस दुरुस्ती करणाऱ्या साखळीतला नसावा आणि त्याला 'हे जहाज निघणार नाही' किंवा 'हा लॉट वापरायचा नाही' म्हणायचा अधिकार असावा, नुसता शेरा लिहायचा नव्हे. दुसरं, काहीही न सांगता एखादं जहाज बंदराला लावून खरंच उतरवून बघावं, कागद नको, गाडी स्वतःच्या इंजिनावर रॅम्प उतरते का ते बघायचं, आणि जितक्या उतरल्या तोच आकडा खरा. आणि एका गाडीचा पार्ट काढून दुसरीला लावला असेल तर तशी नोंद झालीच पाहिजे, कारण सुटे भाग कमी पडले की ही उसनवारी सुरू होते आणि मग कागदावर दहा गाड्या असतात, चालतात सात. तिसरी गोष्ट जास्त अवघड आहे, ती म्हणजे खालच्या माणसाने 'साहेब, हे बरोबर नाही' म्हटलं तर त्याला त्रास होऊ नये. मी स्वतः पाहिलंय की खराब लॅशिंगबद्दल, म्हणजे माल बांधून ठेवण्याबद्दल, बोलणाऱ्या चांगल्या माणसाला पुढच्या कॉन्ट्रॅक्टला बोलावलंच गेलं नाही, आणि बाकीच्यांनी त्यातून जे शिकायचं ते शिकलं.

काही जण म्हणतील, हे सगळं गुप्त असतं, शत्रूला कळेल. मान्य, कुठल्या जहाजातले किती रणगाडे बंद आहेत हे छापायची गरज नाही. पण अमेरिकेतच त्यांचं सरकारी लेखापरीक्षण कार्यालय या राखीव साठ्यांवर वर्षानुवर्षं अहवाल काढतं, नाजूक तपशील गाळून बाकीचं लोकांसमोर ठेवतं, देखभाल कमी पडते, नोंदी जुळत नाहीत असं स्पष्ट लिहितं. त्याने त्यांचं सैन्य दुबळं झालं नाही. उलट मला वाटतं गुप्ततेच्या नावाखाली जे सगळ्यात जास्त लपतं ते शत्रूपासून नसतं, ते स्वतःच्या वरिष्ठांपासून आणि पैसे देणाऱ्या लोकांपासून असतं.

आणि हे फक्त युद्धापुरतं आहे असंही नाही. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर प्रशांत महासागरातल्या ग्वाम बेटाकडच्या ताफ्यातली अशीच जहाजं मदतीला निघाली होती, जानेवारी २०१० मध्ये हैतीच्या भूकंपानंतरही असंच एक जहाज तिथे पोचलं. जनरेटर, पाणी शुद्ध करायची यंत्रं, जेसीबीसारखी अवजड यंत्रं, हे सगळं त्याच होल्डमधलं. ढिगाऱ्याखाली माणूस असताना जनरेटर सुरू झाला नाही तर त्याची बॅटरी शेवटची कधी बघितली होती हे विचारायला पण कोणी उरत नाही.

तर संपादक साहेब, विनंती एवढीच. पुढच्या वेळी आपला प्रतिनिधी 'अमुक जहाजात तमुक इतके रणगाडे' असं लिहील तेव्हा त्याने संबंधितांना दोन प्रश्न विचारावेत, हे जहाज शेवटचं पूर्ण रिकामं करून कधी तपासलं, आणि तपासणारा बाहेरचा होता की घरचा. उत्तर मिळालं तर आकड्याच्या शेजारीच छापा. नाही मिळालं तर 'विचारलं, उत्तर मिळालं नाही' हे पण त्याच ठिकाणी छापा, आतल्या पानावर नको.

कळावे,
आपला नियमित वाचक
(निवृत्त, मालवाहू जहाजांवर देखभाल विभाग)